आधी कीर्द, मग खतावणी: आयुष्य कूस बदलतं तेव्हा वही कशी लिहावी

माझे वडील अमळनेरच्या मार्केटात एका अडत दुकानी दिवाणजी होते. कापूस, भुईमूग, दादर ज्वारी, जो माल येईल त्याचं वजन, भाव, हमाली, शेतकऱ्याची उचल, सगळं त्यांच्या हातून जायचं. संध्याकाळी गर्दी ओसरली की लाल कापडी बांधणीची लांब वही पुढ्यात ओढायची. वर 'श्री' काढायचा, तिथी-तारीख घालायची, काल किती रोकड उरली ती 'श्री शिल्लक' म्हणून मांडायची, आणि मग दिवसभरात जे ज्या क्रमाने घडलं ते त्याच क्रमाने उतरवायचं. ही कीर्द. कुणाचं देणं थकलं, कुणाचा व्यवहार बिनसतोय, ते त्या वेळी बघायचं नाही. ते आठवड्याने, खतावणीला बसल्यावर. तेव्हा कीर्दीतली एकेक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. लहानपणी मी विचारलं होतं, "दादा, दोन्ही एकदमच का नाही करत?" ते म्हणाले, "दिवस अंगावर असताना खातं चुकतं, माय."

२०१४ च्या श्रावणात आमचे हे गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्या सकाळी दूधवाल्याने दारात उभं राहून विचारलं, "ताई, किती घालू?" सोळा वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. न विचारता लिटरचं माप ओतायचा आणि पुढच्या दारी जायचा. त्या रात्री मी पेटीतून वडिलांची उरलेली एक कोरी वही काढली आणि एवढंच लिहिलं: 'दूध अर्धा लिटर. दूधवाल्याने विचारलं.'

तिथून माझं लिहिणं सुरू झालं. पुढे आमच्या बचत गटातल्या बायकांना, नात्यातल्या एक-दोघांना मी याच पद्धतीने लिहायला बसवलं. कुणाचं नवं लग्न झालेलं, कुणाचा मुलगा सुरतेला कामाला गेलेला, कुणी निवृत्त झालेलं, कुणाचा संसार मोडलेला. ज्यांनी आयुष्यात परीक्षेपलीकडे कधी लेखणी धरली नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. तुम्हाला चांगलं मराठी यायची गरज नाही. पहिल्या रात्रीपासून काय करायचं ते क्रमाने सांगते.

वही कोणती घ्यावी

शाळेच्या पोरांची शंभर पानी, एकरेघी वही घ्या. छापील तारखांची डायरी घेऊ नका, हे मी मुद्दाम सांगते. अशा डायरीत चार दिवस राहिले की चार कोरी पानं आपल्याकडे बघत बसतात, आणि मग वहीच उघडावीशी वाटत नाही. साध्या वहीत पंधरा दिवसांचा खंड पडला तरी नवी तारीख लगेच खालच्या ओळीवर येते.

प्रत्येक पानावर डाव्या हाताला दोन बोटं जागा सोडा. तिथे आत्ता काही लिहायचं नाही. ती जागा पुढे खतावणीला लागेल.

पान फाडायचं नाही. चुकलं, लाज वाटली, तर एक आडवी रेघ मारा आणि पुढे जा. खालचं वाचता आलं पाहिजे. वडिलांच्या कीर्दीत खाडाखोड चालत नसे, कारण गिरबटलेल्या नोंदीवर कुणी विश्वास ठेवत नाही. आपल्या वहीतही असंच होतं. आज जे खोडावंसं वाटतं, तीन आठवड्यांनी बहुतेक वेळा तेच कामाचं निघतं.

मोबाइलवर लिहिलं तर चालेल का, असं तरुण पोरी विचारतात. चालेल, पण लिहिता लिहिता वरून मेसेज येतो आणि हात तिकडे जातो. शिवाय हाताने लिहिण्याचा वेग मनाच्या वेगापेक्षा कमी असतो, त्यामुळे धावणारं मन जरा चालीवर येतं. माझा कौल वहीला.

वेळ आणि जागा

पंधरा मिनिटं पुरतात. वीसच्या वर जाऊ नका. ठरलेली एक वेळ असावी, पण झोपेच्या अगदी तोंडावर नको. लिहून मन ढवळलं की झोप उडते. संध्याकाळचा स्वयंपाक चढवायच्या आधी किंवा जेवणं आटोपल्यावर तासभर हातात असताना बसावं. आमच्या खानदेशात उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत भिंती तापलेल्या असतात, तेव्हा गच्चीवर पाणी मारून तिथेच बसलेलं बरं.

खरी अडचण जागेची नसते, माणसांची असते. भरल्या घरात सून वही घेऊन कोपऱ्यात बसली की कुणीतरी विचारतंच, "काय लिहितेस गं?" मी सगळ्यांना एकच उत्तर शिकवते: "हिशेब." ते खोटंही नाही. हवं तर पहिल्या दोन पानांवर खरोखरच किराणा आणि गॅसचा हिशेब लिहा. वही रद्दीच्या गठ्ठ्यात किंवा गादीखाली ठेवू नका, तिथे हात पोचतात. धान्याच्या कोठीमागे, शिलाई मशीनच्या खणात किंवा विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा. वही कुणी वाचेल ही धास्ती असेल तर माणूस खरं लिहीतच नाही, म्हणून ही सोय आधी करा.

पहिले चार दिवस

अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी सॅन्ड्रा बील यांच्यासोबत केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साधे विषय दिले, काहींना आयुष्यातला सगळ्यात जास्त हादरा देणारा प्रसंग लिहायला सांगितला. ज्यांनी तो प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना, दोन्ही लिहिलं, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. त्यानंतर या पद्धतीवर शेकडो अभ्यास झाले. सरासरी फायदा थोडा निघतो आणि सगळ्यांना सारखा होत नाही, पण निघतो. मला त्यातली एक गोष्ट फार प्रामाणिक वाटते: लिहून झाल्या झाल्या ती मुलं जास्त उदास होती. बरं वाटणं नंतर आलं.

हे आधीच माहीत असलेलं बरं. नाहीतर पहिल्या दिवशी लिहिता लिहिता रडू फुटतं, आपण खपली काढली असं वाटतं आणि वही बंद होते ती कायमची. पहिले दोन दिवस जड जाणार हे धरूनच बसा, आणि लिहून झाल्यावर अर्ध्या तासाचं हाताचं काम ठरवून ठेवा. मी शेंगा फोडायला घ्यायची. कुणी अंगणात पाणी मारतं, कुणी देवळापर्यंत जाऊन येतं. लिहून उठल्यावर अंधारात एकटं बसून राहू नका.

काय लिहायचं? जे बदललं ते. घडलं काय, कुठे, कोण होतं, आणि त्या वेळी पोटात काय झालं. घडलेलं आणि वाटलेलं, दोन्ही हवं. नुसती हकिगत लिहिली तर ती पोलीस पंचनाम्यासारखी कोरडी राहते, नुसतं वाटलेलं लिहिलं तर त्याला बूड राहत नाही. थांबायचं नाही. सुचेनासं झालं तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहा. शुद्धलेखन, विरामचिन्हं, अक्षर, काही बघू नका.

आणि ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत लिहा. आमच्या गटातली एक जण शाळेतल्या निबंधासारखं लिहायची: 'मला अतिशय दुःख होत आहे.' चार ओळींत संपायचं. मी म्हटलं, आईशी फोनवर बोलतेस तसं लिही. तिने अहिराणीत लिहिलं, 'माय, माले आठे करमस नही.' म्हणजे, आई, मला इथे करमत नाही. मग तीन पानं थांबली नाही. करमणं हा शब्द बघा, त्याला दुःख म्हणून चालत नाही. जागा, माणसं, वेळ, सवय, सगळं त्यात येतं. अहिराणी देवनागरीत सरळ लिहिता येते, लेवा बोलीही येते. वहीला प्रमाणभाषा लागत नाही.

चार दिवस झाले की दोन दिवस सोडा. नंतर रोज लिहिलंच पाहिजे असंही नाही. आठवड्यातून तीनदा पुष्कळ झालं.

ज्यांचं मन एकाच जागी घोटाळतं त्यांच्यासाठी

इथे जरा थांबून वाचा, कारण वही लिहा म्हणून सांगणारे बहुतेक लोक हे सांगत नाहीत.

काही माणसांचं मन एका गोष्टीवर येऊन तिथेच फिरत राहतं, घाण्याच्या बैलासारखं. असं का झालं, तो असं का बोलला, मी तेव्हा गप्प का बसले. अशा माणसाला 'मन मोकळं करा, सगळं लिहून काढा' म्हणून सांगितलं तर ते वहीतही तेच फिरवतं. अमेरिकेत नुकत्याच विभक्त झालेल्या स्त्री-पुरुषांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात अशा सतत उगाळणाऱ्या लोकांना भावना लिहून त्रास जास्त झाला. त्यांच्यातल्या ज्यांना फक्त दिवसभर काय काय केलं एवढंच, भावना न आणता लिहायला सांगितलं होतं, ते पुढे जास्त सावरलेले दिसले.

म्हणजे नुसती कीर्द. वडील लिहीत तशी.

भुसावळला माझ्या नात्यातले एक गृहस्थ रेल्वेत लोको पायलट होते. साठाव्या वर्षी निवृत्त झाले, क्वार्टर सोडून जामनेर रोडकडे घर केलं. इतकी वर्षं रात्री-अपरात्री ड्युटीचा कॉल यायचा, त्यामुळे तीनला डोळे उघडायचे ते उघडायचेच. आणि जागं झालं की नोकरीत मिळालेल्या एका चुकीच्या शेऱ्याबद्दल डोक्यात वाद सुरू. तो वाद वीस वर्षांपूर्वीचा. त्यांनी चार दिवस भावना लिहिल्या आणि रक्तदाब वाढवून घेतला. मग मी सांगितलं, भाऊ, तुम्ही गाडीवर वेळा लिहायचात ना, तशाच लिहा. त्यांची वही मी पाहिली आहे, त्यांनीच दाखवली:

३.१० जाग. ३.२५ पाणी प्यायलो. ३.४० मालगाडी गेली, लोड असावी. ४.०५ परत आडवा झालो. ५.३० उठलो. ५.५० फिरायला. ६.३५ चहा, टपरीवर. ७.०० नातवाचं दप्तर भरलं.

बस, असंच. मत नाही, तक्रार नाही. महिनाभराने त्यांच्या लक्षात आलं की नोंदी पहाटे तीनकडून हळूहळू सकाळी सहानंतरच्या तासांकडे सरकल्या आहेत. टपरीवरची माणसं नावानिशी येऊ लागली. तो शेरा वहीत आलाच नाही.

तुम्ही कोणत्या प्रकारातले, हे ओळखायचं कसं? चार दिवसांनंतर चारही पानं वाचा. चौथ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा काही वेगळं आलं असेल, एखादा नवा माणूस, नवी आठवण, नवं कारण, तर मनातलं लिहिणं तुम्हाला मानवतंय. चारही पानांवर तीच तीच वाक्यं असतील तर नुसत्या नोंदींवर या.

पेनेबेकर यांना मुलांच्या लिखाणातही हेच दिसलं. ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' असे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. पहिल्याच दिवशी सगळं समजलेलं होतं त्यांना तेवढा नाही.

काहीच सुचत नसेल तर

'श्री शिल्लक' पासून सुरुवात करा. वडील आजचा व्यवहार लिहायच्या आधी कालची उरलेली रोकड मांडत. तसंच, बदललं काय ते लिहायच्या आधी उरलंय काय ते लिहा. मोठं मोठं नको. कुटुंबाचं प्रेम, देवाची कृपा वगैरे लिहिलं की लेखणी तिथेच थांबते. हाताला लागणारं लिहा. लग्न होऊन शहाद्याहून पुण्याजवळ चाकणला गेलेल्या एका मुलीची शिल्लक अशी होती: आईने दिलेला कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाचा डबा, अर्धा. माझा जुना नंबर. सकाळी सहाला उठायची सवय. गोधडी. या चार ओळींवरून ती कितीतरी लिहू शकली, कारण त्या डब्यातलं पीठ संपणार होतं आणि तिला त्याचीच भीती वाटत होती.

आणखी दोन सुरुवाती माझ्या अनुभवात कधी फसल्या नाहीत. 'आज पहिल्यांदाच एकटीने...' आणि 'आज कुणीतरी मला ... म्हणून हाक मारली.' विधवा झाल्यावर, सासू झाल्यावर, निवृत्त साहेब झाल्यावर लोकांची हाक बदलते, आणि ती कुठेतरी लागते.

खतावणी

तीन आठवडे कीर्द झाली की एक दुपार काढा. लिहायच्या वेळी नको, वेगळ्या वेळी. वही पहिल्या पानापासून वाचा आणि त्या सोडलेल्या दोन बोटांच्या जागेत, प्रत्येक नोंदीसमोर एक शब्द टाका. पैसा. झोप. सासू. एकटं. राग. गुडघा. जो सुचेल तो. खाती आधी ठरवायची नाहीत, ती नोंदींतून निघू द्यायची. मग वहीच्या शेवटच्या पानांवर एकेक खातं उघडा आणि त्याखाली तारखा लिहा.

माझं सांगते. मला वाटायचं, मला रात्र जड जाते. सगळ्यांना तेच सांगायची, आणि म्हणून रात्री सोबतीला पुतणी येऊन झोपायची. खतावणीला बसले तेव्हा एकवीस नोंदींपैकी चौदा नोंदींत संध्याकाळचे सहा होते. 'सहाला गेट वाजलं, शेजारचं.' 'सहाला दिवा लावला, मग बसून राहिले.' 'सहाला स्कूटरचा आवाज.' आमचे हे सहाला दुकान बंद करून घरी यायचे. रात्र मला जड नव्हतीच, मी झोपत होते. अख्खा दिवस सहाच्या त्या अर्ध्या तासावर येऊन अडत होता.

हे कळल्यावर उपाय साधा होता. मी साडेपाचला पिशवी घेऊन भाजीबाजारात जायला लागले आणि सातला घरी यायला लागले. सुरुवातीला काही घ्यायचं नसलं तरी जायची. पुतणीला मी तिच्या घरी पाठवलं. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही, पण ते नेमकं कुठे बसलंय ते मला समजलं. कीर्दीच्या एकाही पानावर हे मी लिहिलं नव्हतं, आणि त्या एकवीस दिवसांत कुणी विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं.

खतावणी करताना चार गोष्टी सांभाळा. स्वतःच्या जुन्या पानांना उत्तरं लिहू नका, 'किती वेडी होते मी' वगैरे. सगळ्यात मोठं खातं पहिलं धरा, बाकीची राहू द्या. एका वेळी एकच बदल करून बघा. आणि जमा-नावे जुळवायला जाऊ नका. दुकानाची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा गोषवारा, जुळावी लागते, ही वही जुळायची नसते.

न पाठवायचं पत्र

एखादं खातं एकाच माणसाच्या नावावर फुगलेलं निघतं. मग त्या माणसाला पत्र लिहा. पाठवायचं नाही हे आधी ठरवा, पत्र वहीतच लिहा.

अमेरिकेतल्या डॅलस शहरात नोकरी गेलेल्या अनुभवी अभियंत्यांवर असा एक अभ्यास झाला, तो १९९४ मध्ये छापून आला. ज्यांनी नोकरी जाण्याबद्दलचं सगळं मनातलं पाच दिवस, रोज वीस मिनिटं लिहिलं, त्यांना पुढे लवकर नोकऱ्या लागल्या. त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज केले होते असंही नाही. अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज असा की जुन्या मालकावरचा राग कागदावर उतरला आणि नव्या मालकासमोर बसताना तो सोबत गेला नाही. ज्यांची नोकरी गेलीये त्यांना मी हे पत्र आधी लिहायला लावते, अर्ज नंतर.

रागाशिवायही पत्र लागतं. रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाने लागोपाठ दोन वर्षं वादळात बाग आडवी झालेली पाहिली. घड काढणीला आलेले असताना जूनच्या वाऱ्याने एका तासात सगळं जमिनीवर. तिसऱ्या वर्षी त्याने शेत बटाईने दिलं आणि जळगावला एका दुकानात नोकरी धरली. त्याचं पत्र गेलेल्या वडिलांना होतं. 'आण्णा, शेत विकलं नाही. बटाईने दिलं आहे. विहिरीवरची मोटर माझ्याच नावावर आहे.' एवढंच लिहून तो थांबला, आणि त्याला तेवढंच सांगायचं होतं.

ज्यांना लिहिता येत नाही

आपल्याकडे बायकांनी मन मोकळं करायला कागदाची वाट कधी पाहिली नाही. जात्यावर ओवी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक झोक्यावर बसून सासरचं सगळं गाण्यात सांगायची, ऐकणाऱ्यांना कळायचंही आणि कुणी नाव घेतलं असंही व्हायचं नाही. तेव्हा आईला, आजीला लिहिता येत नसेल तर बोलू द्या. मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असते, ते बटण तेवढं दाखवून द्या. किंवा नातवंडाला समोर बसवा, आजी बोलेल ते जसंच्या तसं उतरवायला. फक्त एक अट: नातवंडाने सुधारायचं नाही आणि घरात वाचून दाखवायचं नाही. पंधरा मिनिटांचा नियम इथेही तोच.

कधी थांबायचं

ताज्या घावावर लगेच लिहायला बसू नका. मयत झालं, अपघात झाला, घर मोडलं, तर पहिले काही आठवडे माणसांत राहा, जेवा, झोपा. त्या दिवसांत फार तर माझ्या दुधासारखी एखादी ओळ. पेनेबेकर स्वतः एक नियम सांगतात, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: एखाद्या गोष्टीबद्दल लिहिलं तर आपण कोसळू असं वाटत असेल, तर ती गोष्ट लिहू नका. दुसरं काही लिहा.

दोन-तीन आठवडे लिहूनही झोप, भूक, काम, काहीच रुळावर येत नसेल, किंवा वहीत वारंवार 'जगून काय करायचं' असं येत असेल, तर ते वहीचं काम राहिलेलं नाही. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू केली. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचे डॉक्टरही भेटतात. जाताना वही सोबत न्या. 'कधीपासून त्रास आहे' याला आपण बहुधा अंदाजाने उत्तर देतो. वहीत तारीख असते. आणि घरात कुणी मारहाण करत असेल तर आधी सुरक्षित जागा, माणसं, मदत. वही त्यानंतर.

वही भरल्यावर

लोक विचारतात, जपायची की जाळायची? धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ मध्ये स्थापन झालेलं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यावरची जुनी दप्तरं गोळा केली. ज्यांनी ते कागद लिहिले त्यांना कुणी पुढे वाचेल असं वाटलंही नसेल. त्यामुळे जुन्या कागदाबद्दल मला आदर आहे, माझ्या नऊ वह्या मी ठेवल्या आहेत. पण आमच्या गटातल्या एकीने तिची वही पांझरा नदीला पूर आला तेव्हा पाण्यात सोडली आणि मला ते पूर्ण बरोबर वाटलं. वही तिची होती. फक्त रागाच्या भरात जाळू नका. कपाटात एक महिना ठेवा, मग ठरवा.

नवी वही कधी सुरू करावी यालाही आपल्याकडे चांगला दिवस आहे. व्यापाऱ्यांची वही दिवाळीत पुजली जाते, पण शेतीचं साल आखाजीला फिरतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, जुनं साल संपतं, नवं ठरतं. मी त्या दिवशी सकाळी पितरांची घागर भरून झाली की मागच्या वर्षीच्या खतावणीची शेवटची पानं वाचते. मग नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री', तारीख, आणि खाली शिल्लक. यंदाची माझी पहिली ओळ होती: 'दूध अर्धा लिटर. भाजीबाजार, सहा वाजता. ओळखीच्या चौघी.'